तुझं शून्य आणि माझे दोन औंस

अनसूया, तू दारूने गेली नाहीस.

हे सगळ्यात आधी लिहिते. तुला पोहोचवून आम्ही परत आलो, तेव्हा तुझ्या चाळीच्या जिन्यात दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "प्यायची ना ती. मग दुसरं काय होणार?" दुसरीने मान डोलावली, बादली उचलली आणि वर गेली. मी त्यांच्या मागे चार पायऱ्यांवर होते. बारा वर्षं मी नर्स आहे, माणसं कशाने जातात ते मला कळतं. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

तुला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता. गावात कुणी औषध केलं नाही आणि त्या तापाने तुझ्या हृदयाची झडप खाल्ली. तुझ्या छातीला नळी लावून तो आवाज मी स्वतः ऐकलाय, जात्यात खडा यावा तसा. डॉक्टरांनीही तुझ्या केसपेपरवर तेच लिहिलंय. आणि गेली दोन वर्षं तू थेंबाला शिवली नव्हतीस. हे मला माहीत आहे, अँब्युलन्सवाल्या दत्तारामला माहीत आहे. जिन्यातल्या बाईला माहीत नाही, कारण तुझं पिणं सगळ्या चाळीने पाहिलं आणि तुझं थांबणं पाहायला कुणाला सवड नव्हती.

आपण तीन वर्षं एका वॉर्डात काम केलं आणि मला तुझं नाव माहीत नव्हतं. तू 'आया' होतीस. आया, भांडं आण. आया, चादर बदल. मी सिस्टर, गिरगावातल्या साठ्यांची मुलगी, लग्न करायचं सोडून परक्या माणसांची अंगं पुसते म्हणून घरात आधीच नावडती. तू परळच्या चाळीतली, नवरा गावी दुसरं घर करून बसलेला, पदरी एक मुलगी. आपल्या दोघींत बोलण्यासारखं काही असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मग गोळीबार झाला.

त्या दुपारी आधी घोषणा ऐकू आल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. आपल्याला त्या रोजच्याच झाल्या होत्या. मग लांबून फटाक्यांसारखे आवाज आले आणि पाठोपाठ गाड्या यायला लागल्या. खाटा संपल्या, बाकं संपली, मग माणसं जमिनीवर. एकोणीस-वीस वर्षांचा एक गिरणी कामगार होता, मांडीच्या वरच्या अंगाला गोळी लागलेला. डॉक्टरांनी माझा हात धरून तिथे दाबला आणि म्हणाले, "सोडू नका." तो शुद्धीत होता. सारखं एकच विचारत होता, "सिस्टर, माझी एक वहाण कुठाय? दादाच्या आहेत हो त्या." मी म्हणत होते, मिळेल, मिळेल. मग पलीकडच्या टेबलावरून डॉक्टर ओरडले, "सिस्टर, इकडे या. तो राहू दे." मी हात काढला. परत आले तेव्हा त्याच्या तोंडावर चादर होती. ती तू ओढली होतीस.

डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. जो वाचण्यासारखा होता त्याच्याकडे जायलाच हवं होतं. मी हे स्वतःला किती वेळा समजावलं असेल. मनाला पटायचं. हाताला पटायचं नाही. रोज दुपारी त्या वेळेला माझा उजवा तळवा गरम व्हायचा आणि मी तो परकराला पुसत बसायची.

वॉर्डात अशक्त पेशंटांसाठी ब्रँडी असायची, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चमचा-दोन चमचे द्यायला. बाहेर अख्ख्या मुंबईत दारूबंदी आणि इथे कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. पहिल्यांदा घेतली ती झोप यावी म्हणून. मग जाग आल्यावर हात थरथरू नये म्हणून. मग कारण शोधणंही सोडून दिलं. बाटली कमी झाली की मी तिच्यात पाणी घालायची. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुला माहीत होतं, पण लिहिलेलं नव्हतं.

तू मला चादरींच्या खोलीत पकडलंस. औंसाच्या खुणांचा औषधाचा ग्लास माझ्या हातात होता. तू चादरींचं गाठोडं घेऊन आत आलीस, पाहिलंस, पाठीमागे दार लोटलंस आणि गाठोड्यावर बसलीस.

"किती औंस, सिस्टर?"

"बाहेर जा."

"मला चारात पण भागत नाय आता," तू म्हणालीस. "मुडद्याच्या खोलीवाल्यानं पाजली पयल्या दिवशी. म्हणाला, ही घे, वास येणार नाय. त्याचा वास गेला, हिचा राहिला."

तू मला सोबत देत होतीस. मला ते कळलंही. आणि मी काय म्हणाले? "तू हे कुणाला सांगितलंस तर तुझी नोकरी राहणार नाही." तू उठलीस, पदर झटकलास. दारात थांबून म्हणालीस, "माझं नाव अनसूया हाय. अनसा नाय, आया नाय. कुणाची नोकरी घालवायची ते नावानिशी म्हणावं." आणि गेलीस.

मला वाटलं होतं मी निभावून नेईन. आठ-दहा दिवसांत एका म्हाताऱ्या बाईच्या दंडात माझ्या हातून सुई मोडली. ती बिचारी मलाच म्हणाली, "असू दे बाय, होतं कधी." मी मेट्रनना सांगितलं, सुई खराब होती. त्या बाईचं 'असू दे' मला सोडेना.

मग मी मदत शोधायला निघाले, आणि कुठे गेले ते ऐकून तू पुढे किती हसली होतीस! गिरगावात एका शाळेच्या सभागृहात दारूबंदीवर व्याख्यान होतं. आई सोबत होती. व्याख्यान देणाऱ्या बाई खूप शिकलेल्या. त्यांनी दारूचे सगळे तोटे सांगितले, त्यातला एकही मला नवीन नव्हता. शेवटी मी उभी राहिले आणि विचारलं, "एखाद्या बाईला एकदम सुटत नसेल, आधी कमी करायची असेल, तर तिने काय करावं? माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारते." सभागृहात हसू फुटलं. त्या बाई म्हणाल्या, "चांगल्या घरच्या बायकांना असल्या मैत्रिणी नसतात." जिना उतरताना आईने विचारलं, "कोण गं ती?" म्हटलं, हॉस्पिटलातली आहे. आई म्हणाली, "तिच्याशी फार संबंध ठेवू नकोस."

त्या रविवारी सकाळी मी तुझी चाळ शोधत आले.

तुमच्या खोलीच्या भिंतीवर चौकोनी फिकट डाग होते. देवांच्या तसबिरी उतरवल्या होत्या. महिन्यापूर्वीच तुम्ही मायलेकींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बारा वर्षांची विमल खिडकीशी धडा वाचत होती. तू मला बसायला चटई दिलीस. मीच म्हटलं, "अनसूयाबाई, माझं चुकलं. आणि मला थांबता येत नाहीये."

तू विमलला पाणी भरायला पाठवलंस. मग म्हणालीस, "चहा टाकते. घेणार का आमच्यातला?"

"घेईन की," मी म्हटलं, आणि कप तोंडाला लावताना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार. मोठेपणा. मी केवढी सुधारलेली आहे असं काहीतरी. तू ते लगेच पाहिलंस.

"चहा प्याला म्हणून माझ्यावर उपकार नाय केलेत," तू म्हणालीस. "मदत मागायला तुमी आलाय. चहा मी पाजतेय. उपकार असला तर तो माझा."

अनसूया, मला तोवर कुणीच असं बोललं नव्हतं. मला राग आला, आणि रागाच्या खाली असं हलकं वाटलं की मी रडायला लागले. तू मला रडू दिलंस. मग म्हणालीस, "आता मी तू म्हणते. चालंल ना? एकाच बाटलीत पडलोय दोघी, अहोजाहो कुठवर करायचं?"

तुझ्या दारूचंही तेव्हाच सांगितलंस. रोज सकाळी तू पंचशील म्हणायचीस. पाचवं शील मद्य न घेण्याचं. "तोंडाला वास असला तरी म्हणते. खोटं म्हणून नाय म्हणत. काल जमलं नाय म्हणून आज परत म्हणते." मी विचारलं, याची लाज नाही वाटत? तू म्हणालीस, "लाज वाटली की मी पिते. म्हणून वाटून नाय घेत."

असे आपले गुरुवार सुरू झाले. दिवसाची ड्युटी चारला संपली की लॉन्ड्रीच्या मागच्या पायऱ्या, समोर दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी, मध्ये चहाची किटली. ज्याने घेतली असेल त्याने आधी बोलायचं, किती ते खरं सांगायचं. दुसऱ्याने चहा संपेपर्यंत सल्ला द्यायचा नाही. आणि गोळीबाराच्या त्या दिवसातलं काहीतरी एक बोलायचं, थोडंसं, झेपेल तेवढंच. हे नियम आपल्याला कुणी शिकवले नव्हते. पहिल्या महिन्यात एकमेकींवर खेकसून खेकसून ते तयार झाले.

आणि पहिल्या गुरुवारपासून आपलं भांडण सुरू झालं ते काही मिटलं नाही. मी ठरवलं होतं, आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर, दोन औंस. तू ठरवलं होतंस शून्य.

"तुझे दोन औंस म्हणजे दार किलकिलं ठेवायचं आणि चोराला म्हणायचं येऊ नको हां," तू म्हणायचीस.

"आणि तुझं शून्य म्हणजे एक थेंब पडला की सगळं बुडालं म्हणून आख्खी बाटली संपवायची."

"मंग? तसंच असतं."

"तुझ्याकडे असतं. माझ्याकडे नसतं."

"तुझ्याकडं ग्लासाला शीग असते. दोन म्हणते आणि वर फुगवटा आणते. मी बघितलाय."

आपण दोघीही खरं बोलत होतो, हेच त्यातलं अवघड होतं. तुझं शून्य महिनाभर टिकायचं, मग एका दिवसात आडवं व्हायचं. माझे दोन औंस कधी तीन व्हायचे, पण मी आडवी झाले नाही. मी कपाटाची किल्ली परत केली. मेट्रनना सांगून मुलांच्या वॉर्डात बदली मागून घेतली, जिथे कपाटात तसलं काही नव्हतं. आता माझी छोटी बाटली कुठून येते ते लिहीत नाही. ती विकणाऱ्या बाईचं घर त्यावर चालतं.

दत्ताराम आला तेव्हा पुरुषमाणूस नको म्हणून मीच अडून बसले होते. तो अँब्युलन्स चालवायचा. तू मला म्हणालीस, "त्याच्या गाडीतनं आलं तेच तू धुतलंस. तो बसणार." तो बसला. दोन महिने एक शब्द बोलला नाही, नुसता चहा प्यायचा आणि घेतली असेल तर बोटं दाखवायचा. मग एका गुरुवारी म्हणाला, "हॉर्न वाजवला की मला ओरडणं ऐकू येतं," आणि परत गप्प. तू त्याच्या कपात चहा ओतलास. बस, तेवढंच केलंस. मी असते तर चार वाक्यं बोलून त्याला पळवून लावलं असतं.

तुझं तू सगळ्यात शेवटी सांगितलंस. त्या संध्याकाळी मुडद्याच्या खोलीच्या दारात तुला उभं केलं होतं, नातेवाइकांना चादर उचलून दाखवायला. लालबागची एक बाई मुलाला शोधत आली. तू तिला एक रांग दाखवलीस. तिचा मुलगा त्यात नव्हता. भिंतीकडे दुसरी रांग होती, पण तुझे हात भरून आले होते आणि ती बाई पडायच्या बेतात होती. "मी म्हटलं, रडता कशाला, तुमचा नाय ना यात? मंग जिता हाय तो. घरी जावा, जेवायला येईल. माझ्या पाया पडली गं ती. हसत गेली. आणि तो भिंतीकडं होता."

हे ऐकून चहा संपायची वाट मी पाहिली नाही. इथून पुढचं मला लिहायचं नव्हतं, पण तुला लिहिताना ते गाळलं तर या सगळ्याला अर्थ नाही.

मी म्हटलं, "आपण तिला भेटू या." तू नको म्हणालीस. मी चार गुरुवार तोच विषय काढला. मला वाटत होतं, जखम उघडली की साफ होते, मी नर्स आहे, मला कळतं. दत्तारामला तिचं घर ठाऊक होतं. मुलाचं प्रेत त्यानेच पोहोचवलं होतं. शेवटी तू आलीस, माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

ती दारात तांदूळ निवडत बसली होती. तुला पाहून तिचे हात थांबले. तू नाव सांगण्याआधीच म्हणाली, "ओळखलं मी तुला. तू म्हणालीस जेवायला येईल. मी बांगडे आणले. तळले. ताट वाढून बसले त्याची वाट बघत."

तू हात जोडलेस. "माझी चूक झाली, बाय."

"झाली," ती म्हणाली. "आता मी माफ केली म्हणायचं आणि तू मोकळी होऊन जायचीस. मग माझं मी कुणाच्या दारात नेऊ?" सूप उचलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

आपण कोपऱ्यापर्यंत आलो. तिथे तू थांबलीस आणि म्हणालीस, "बरं केलंत, सिस्टर."

इतक्या दिवसांनी परत सिस्टर. परत 'केलंत'. तू शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून बावीस दिवस तू प्यायलीस. कामावर आली नाहीस. चाळीने जे पाहिलं ते हेच बावीस दिवस. गॅलरीत पडलेली, विमल ओढून आत नेणारी. मी रोज ड्युटीआधी तुझ्या दाराशी येत होते. तू आतून म्हणायचीस, "जा तुझ्या गिरगावात." मी गॅलरीत पंधरा मिनिटं बसायची आणि जायची. शेजारच्या बायका माझ्याकडे बघायच्या. बघू देत.

आणि एका गुरुवारी चार वाजता तू पायऱ्यांवर आलीस. सुजलेली, केस विंचरलेले, स्वच्छ पातळ. बसायच्या आधीच म्हणालीस, "घेतली. बावीस दिवस. कारण सांगणार नाय, तुमाला ठाऊक हाय. आजपासून परत शून्य." दत्तारामने कप पुढे केला. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, "चहा संपू दे." चहा संपला आणि तू विषय बदललास. नंतरही प्रत्येक वेळी तू बदललास. तू तो मला बोलूच दिला नाहीस, अनसूया, आणि मीही सुटले म्हणून गप्प बसले. आता बोलते. तुझी जखम तुझी होती. ती कधी उघडायची ते तू ठरवायचं होतंस. मी माझ्या हाताचं ओझं तुझ्या पायांनी लालबागला नेलं. माझं चुकलं.

त्यानंतर तू प्यायली नाहीस. मला वाटतं तुला ते शून्य पाचव्या शीलाने दिलं. तू म्हणायचीस विमलने. दत्ताराम म्हणतो, नुसत्या हट्टाने. काही असो, दोन वर्षं. मी माझ्या दोन औंसांवर होते आणि तू दर गुरुवारी विचारायचीस, "शीग?" मी म्हणायची, "सपाट." बहुतेक वेळा ते खरं असायचं.

राज्य झालं त्या दिवशी लालबागपासून परळपर्यंत कमानी लागल्या होत्या. बंदी असून गल्लीगल्लीत माणसं आनंदाने झोकांड्या खात होती. आपण तिघं भर दुपारी निघालो. एका मंडळाच्या पोराने दत्तारामच्या गळ्यात हात टाकून "काका, आज तर चालतं!" म्हणून बाटली पुढे केली. दत्तारामचा हात अर्धा वर गेला. तू मध्ये उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवून. "आज का चालतं? आज काय मेलेले उठले?" तो पोरगा गडबडला, बाटली मागे घेतली आणि तुला पेढा दिला. तू तो खाल्लास, चवीने. मग म्हणालीस, "गोड हाय. झालं ते चांगलं झालं. पण मला नाचता येणार नाय." मला त्या सबंध दिवसात ऐकलेल्या भाषणांपेक्षा हे तुझं बोलणं जास्त आठवतं.

तुझे पाय त्याच महिन्यात सुजायला लागले होते. मी दहादा म्हटलं भरती हो. तू म्हणालीस, विमलची मॅट्रिक होऊ दे. मॅट्रिक झाली आणि तू आपल्याच हॉस्पिटलात, तू बारा वर्षं पुसलेल्या लादीवरच्या खाटेवर आलीस. नवीन पोरी तुला 'आयाबाई' म्हणायला लागल्या तर धाप लागलेली असताना तू त्यांना नाव सांगितलंस, पूर्ण. शेवटच्या दुपारी मी ड्युटी संपवून तुझ्याशी बसले होते. श्वास पुरत नव्हता, तरी भांडायला पुरला.

"तुझं बरोबर असंल तुझ्यासाठी," तू म्हणालीस. मी चमकले; तू माघार घेतेस असं कधी घडलं नव्हतं. मग जरा दम खाऊन, "पण माप अजून मोठं हाय."

तासाभराने तू गेलीस. उजव्या हाताने मी तुझा हात धरला होता. डॉक्टरांनी मला दुसरीकडे बोलावलं. मी गेले नाही. मेट्रननी दुसऱ्या दिवशी त्याबद्दल विचारलं तेव्हा सांगितलं, नाही गेले.

त्या संध्याकाळी मी सहा औंस घेतले. गुरुवारी पायऱ्यांवर दत्तारामला सांगितलं. त्याने चहा संपू दिला आणि विचारलं, "आणि उद्या?" म्हटलं, "उद्या दोनाच्या आत." त्याने मान हलवली.

मग तुझ्या चाळीत शोकसभा झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले, अनसूयाबाई आदर्श माता होत्या, त्यांना कसलंही व्यसन नव्हतं. माणसांनी माना हलवल्या. जिन्यात तुझी शेवटची दोन वर्षं पुसली गेली होती, इथे त्याआधीची पुसली गेली. दोन्हीकडून पुसल्यावर तुझं उरलं काय? मी मागच्या रांगेत बसले होते. दत्तारामने माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमल हॉस्पिटलात आली. सोळा वर्षांची झाली आहे, तुझ्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहते. मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "माझी आई प्यायची की नाही?"

"प्यायची."

"मला वाटायचं तुम्ही पाजता. रोज सकाळी यायचात. तुमच्या पिशवीत बाटली असते असं मला वाटायचं."

"थर्मास असायचा. चहाचा. ती दार उघडेल म्हणून."

मग मी तिला सगळं सांगितलं, वरचं सगळं, लालबागसुद्धा. वहाणेचं सांगितलं, वॉर्डाच्या बाटलीतल्या पाण्याचं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मग काल सभेत का नाही बोललात?"

मी म्हटलं, "भ्याले."

"आई भ्याली नसती."

"नाही."

"मग लिहा," ती म्हणाली. तुमच्या चाळीतल्या मुलामुलींचं हस्तलिखित निघतं, ते तिच्याच अक्षरात असतं. पुढचा अंक तळमजल्यावर वाचायला ठेवायचा आहे, जिन्याच्या तोंडाशी. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिथून जातं.

आज ती हे उतरवून घ्यायला समोर बसली आहे. मघाशी म्हणाली, "नावं बदलू का?" मी म्हटलं, त्याचं बदल, त्याला नोकरी सांभाळायची आहे. तेव्हा वाचणाऱ्यांनो, दत्ताराम हे नाव खरं नाही. "तुमचं?" म्हटलं, राहू दे. "आणि आईचं?" म्हटलं, ते तू ठरव. तिने वरच्या ओळीत तुझं नाव लिहिलं, ठळक, शाई दोनदा फिरवून.

मेट्रनबाईंपर्यंत हे जाईल. पोलिसांपर्यंतही जाईल कदाचित. त्यांनी बोलावलं तर मी जाईन आणि जे इथे लिहिलंय तेच सांगेन. माझ्याकडे दुसरं काही नाही. आणि अनसूया, तुला न विचारता आणखी एक करते. या चाळीत, नाहीतर शेजारच्या, एखादी बाई दार लावून पीत असेल. असणारच. तिने कमी केली असेल, सोडली असेल, काल पुन्हा घेतली असेल, कसंही. तिने गुरुवारी चार वाजता हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीमागे यावं. नाव विचारू, आणि त्या नावानेच हाक मारू.

कुमुद दामोदर साठये,
नर्स, परळ